मेलेल्या राजांची जमीन आणि इंका साम्राज्याचा शेवट

डोंगरवाट (धागाकर्ता)

मागे अ‍ॅझ्टेकांवरच्या धाग्यात इंकांचा विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य आलंच: फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिशाने जेमतेम १६८ माणसांनिशी दक्षिण अमेरिकेतलं अख्खं साम्राज्य खिशात टाकलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

१६ नोव्हेंबर १५३२ ला काहामार्काच्या चौकात काय घडलं ते बहुतेकांना माहीत असतं. इंका राजा आताहुआल्पा पालखीतून आला, व्हाल्व्हेर्दे नावाच्या पाद्र्याने त्याच्या हातात धर्मग्रंथ दिला, त्याने तो फेकला, तोफा उडाल्या, लपून बसलेले घोडेस्वार बाहेर पडले आणि अंधार पडायच्या आत राजा कैदेत. मग ती खंडणीची खोली. २२ फूट लांब, १७ फूट रुंद, एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून द्यायची. त्याने ती भरूनही दिली, आणि १५३३ मध्ये स्पॅनिशांनी त्याला मारलंच.

पण गोष्ट या चौकातून सुरू केली की इंका म्हणजे भोळे, सोन्याने मढलेले लोक आणि पिझारो म्हणजे नशीबवान डाकू, एवढंच उरतं. मला त्याआधीच्या भाऊबंदकीत जास्त रस आहे.

आताहुआल्पाचा बाप वायना कापाक १५२० च्या दशकात उत्तरेच्या मोहिमेवर असताना वारला, बहुधा देवीच्या साथीत. स्पॅनिश यायच्या आधी त्यांचे रोग पोचले होते. मागे राजधानी कुस्कोत त्याचा दुसरा मुलगा वास्कर, उत्तरेत फौजेसोबत आताहुआल्पा. दोघांत जुंपली. गादी कुणाची हा प्रश्न होताच, पण त्याखाली आणखी एक प्रश्न होता: जमीन कुणाची?

इंका राजा मेला तरी त्याचा संसार मोडत नसे. त्याचं शव सुकवून जपत, त्याला मल्की म्हणत. त्याचे वाडे, शेतं, कळप, नोकरचाकर सगळं त्याच्याच नावावर राही आणि त्याच्या वंशजांची पनाका, म्हणजे ते घराणं, त्याचा कारभार बघे. नव्या राजाला मिळे फक्त अधिकार. मालमत्ता त्याने स्वतः मिळवायची: नवा मुलूख जिंकून, नाहीतर डोंगरउतारावर शेतीच्या नव्या पायऱ्या बांधून. सणाला हे जुने राजे कुस्कोच्या चौकात ओळीने आणून बसवत. त्यांच्यापुढे जेवण जाळत, मक्याची दारू, चिचा, ओतत, एका मेलेल्या राजाकडून दुसऱ्याला पेला पाठवत. त्यांच्या वतीने बोलणारी माणसं नेमलेली असत, आणि लग्न ठरवण्यापासून लढाईपर्यंत त्यांचं मत विचारलं जाई.

पेद्रो पिझारो हा फ्रान्सिस्कोचा नातलग पोरसवदा वयात या मोहिमेत होता. त्याने लिहून ठेवलंय की वास्कर एकदा वैतागून म्हणाला, या सगळ्या मेलेल्यांना पुरून टाकायला हवं, देशातलं चांगलं ते सगळं यांच्याकडेच आहे. झालं. कुस्कोतली बडी घराणी या मेलेल्यांच्याच जिवावर जगत होती, त्यातली कित्येक आताहुआल्पाकडे झुकली. आणि आताहुआल्पाचा सेनापती किझकिझ कुस्कोत शिरला तेव्हा वास्करच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तुपाक युपांकीच्या घराण्याची त्याने कत्तल केली. तेवढ्याने भागलं नाही. खुद्द तुपाक युपांकीचं शव बाहेर काढून जाळलं. तो आताहुआल्पाचा सख्खा आजा. शव जाळलं की ते घराणं मालमत्तेसकट संपतं, हा हिशोब.

हे डोक्यात ठेवून आताहुआल्पाचा शेवट बघा. शिक्षा होती जाळून मारण्याची. बाप्तिस्मा घेतलास तर गळा आवळून मारू, असं सांगितल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला. बरेच जण याला शेवटच्या क्षणाची भीती म्हणतात. मला त्यात थंड डोक्याने केलेला विचार दिसतो. जळालेला राजा मल्की होत नाही.

म्हणजे पिझारो ज्या घरात शिरला त्याला आतून आग लागलेली होती, आणि सरपण इंकांच्या धर्मानेच पुरवलं होतं, असं माझं मत. चर्चा व्हावी.

खारीक

रोचक आहे. पण मल्की म्हणजे इजिप्तसारख्या पट्ट्या गुंडाळलेल्या ममीच ना? आणि आता कुठे आहेत त्या?

पाटीपेन्सिल

धागा आवडला, वाचनखूण साठवली. मला वाचताना आपल्याकडची देवस्थान इनामं आठवली. जमीन देवाच्या नावे, सातबाऱ्यावर देव, आणि उत्पन्न खाणारे पुजारी, वहिवाटदार. देव काही उठून हिशोब मागत नाही.

डोंगरवाट

@पाटीपेन्सिल, कारभाराच्या बाबतीत पटतंय. फक्त देव दर पिढीला एकेक वाढत नाही हो. इथे प्रत्येक राजागणिक एक नवं संस्थान उभं राहतं आणि कुस्कोभोवतीची उत्तम जमीन कमी कमी होत जाते. ही रीत इंकांनी उत्तर किनाऱ्यावरच्या चिमूंकडून उचलली असावी असंही काही अभ्यासक मानतात. चिमूंची राजधानी चान चान, आजच्या त्रुहियोजवळ, संपूर्ण मातीच्या विटांची. तिच्यात उंच भिंतींचे नऊ-दहा प्रचंड वाडे आहेत, आणि बहुतेकांत राजाच्या दफनाचा चौथरा. एक राजा, एक वाडा, असा त्याचा अर्थ लावतात. साधारण १४७० च्या सुमारास इंकांनी चिमू जिंकले आणि त्यांचे सोनार कुस्कोला नेले. कोरिकांचा या कुस्कोतल्या सूर्यमंदिराचं जे सोनं वितळवून स्पॅनिशांनी विटा पाडल्या, त्यात या कारागिरांच्या हातचं किती असेल कोण जाणे.

@खारीक, पट्ट्या नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन बसवलेली शवं, अंगावर उंची वस्त्रं. कोरड्या थंड हवेचा फायदा होताच. स्पॅनिश आल्यावर घराण्यांनी ती लपवली, गावोगाव फिरवली. १५५९ मध्ये पोलो दे ओन्देगार्दो या कुस्कोच्या अधिकाऱ्याने बरीचशी शोधून काढली. इंका गार्सिलासो दे ला वेगा, ज्याची आई इंका राजघराण्यातली आणि बाप स्पॅनिश, तो १५६० मध्ये स्पेनला निघण्यापूर्वी ओन्देगार्दोच्या घरी गेला तेव्हा त्याला पाच शवं दाखवण्यात आली. तीन पुरुष, दोन बायका. केस, भुवया, पापण्या जागच्या जागी, नजर खाली, हात छातीवर. वायना कापाकच्या बोटाला त्याने हात लावून पाहिला, तर लाकडासारखं टणक. वजन इतकं कमी की एकेक माणूस एकेक राजा हातांवर घेऊन घरोघरी दाखवायला नेई. रस्त्यात लोक गुडघे टेकत, स्पॅनिशसुद्धा टोपी काढत. पुढे काही शवं लिमाला नेली, सान आंद्रेस इस्पितळाच्या आवारात पुरली असं म्हणतात. शोध घेतले गेले, हाती काही आलं नाही.

तिरकमठा

लेखन छान, निष्कर्ष गळी उतरत नाही. भाऊबंदकी कुठल्या साम्राज्यात नव्हती? आमच्याकडे तर त्यावर पीएचड्या झाल्या. घोडा, पोलादी तलवार आणि देवीचा रोग, या तीन गोष्टी बाजूला काढल्या तर वास्कर-आताहुआल्पा भांडून एक जण जिंकला असता आणि राज्य पुढे चाललं असतं. चौकात हजारो माणसं कापली गेली आणि स्पॅनिशांचा एकही माणूस मेला नाही, हे पूर्वजपूजेने होत नाही.

दुसरं म्हणजे साधनं. इंकांकडे लिपी नव्हती, त्यामुळे जे वाचतो ते स्पॅनिशांनी किंवा स्पॅनिशांसाठी लिहिलेलं. सार्मिएन्तो दे गांबोआने १५७२ मध्ये इतिहास लिहिला तो व्हाइसरॉय तोलेदोच्या सांगण्यावरून. इंका हे जुलमी आणि उपरे, तेव्हा त्यांना हटवणं न्याय्यच, हे सिद्ध करण्यासाठी. गार्सिलासो याच्या नेमका उलट, आईकडच्यांचं सगळं गोडगोड. कोणाचं काय घ्यायचं ते आधी ठरवा.

सांजवात

तिरकमठा, साधनांबद्दल १००% सहमत. म्हणूनच मला एक प्रकरण फार आवडतं, कारण त्यात साक्ष दोऱ्यांची आहे.

१५६१ मध्ये हाउहा खोऱ्यातले वांका सरदार लिमाच्या न्यायालयात गेले. मागणी अशी: आम्ही पहिल्यापासून तुमच्या बाजूने होतो, आमचा खर्च भरून द्या. पुरावा म्हणून त्यांनी किपू आणले. तिथल्या माणसाने दोरे हातात धरून गाठी वाचायच्या आणि लेखनिकाने लिहून घ्यायचं. पिझारो काहामार्काला असल्यापासून किती माणसं दिली, त्यातली किती परत आली नाहीत, किती लामा, किती मका, बटाटे, कापड, चपला, सरपण. आणि खुशीने दिलेलं वेगळं, स्पॅनिशांनी लुटून नेलेलं वेगळं! सुमारे तीस वर्षांचा हिशोब दोऱ्यात बसवलेला.

किपू ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एक जाड आडवी दोरी, तिला लोंबणारे बारीक दोरे. टोकाजवळ एकं, त्यावर दहं, त्यावर शंभर. दहं-शंभराच्या गाठी साध्या, जितका अंक तितक्या गाठी. एककाची मात्र लांब गाठ, जितके वेढे तितका अंक. एक वेढा घालून ती गाठ बनतच नाही, म्हणून १ साठी इंग्रजी आठच्या आकाराची वेगळी गाठ. शून्य म्हणजे मोकळी जागा. हे गणित लेलँड लॉकने १९१२ मध्ये उलगडलं. अंकांपलीकडचे किपू अजून कोणाला वाचता आलेले नाहीत.

तर मुद्दा हा की १६८ माणसं हा आकडाच फसवा आहे. त्यांना खाऊ कोण घालत होतं, ओझी कोण वाहत होतं, वाटा कोण दाखवत होतं? १५३६ मध्ये वायना कापाकचा आणखी एक मुलगा मांको इंका याने उठाव करून कुस्कोला वेढा घातला तेव्हा स्पॅनिशांच्या बाजूने कन्यारी आणि चाचापोया हे इंकांनी जिंकलेले लोक लढत होते. त्याच वर्षी लिमालाही वेढा पडला. पिझारोसोबत राहणारी किस्पे सिसा ही वायना कापाकची मुलगी, तिच्या आईने वायलास प्रांतातून मदतीला फौज पाठवली. घोडा डोंगरात आणि वेढ्यात किती कामाचा?

रोखठोक_नाना

सरळ मराठीत याला फितुरी म्हणतात. घरभेदी सगळीकडे सारखेच. परक्याला घरात घेतलं आणि मग सगळेच बुडाले.

सांजवात

नाना, फितुरी करायला आधी घर आपलं असावं लागतं. इंकांचं साम्राज्य पाचाकुती या राजापासून धरलं, म्हणजे १४३८ च्या आसपास, तर शंभर वर्षांचंही होत नाही. कन्यारींचा मुलूख आजच्या इक्वाडोरमध्ये. इंकांनी तो जिंकला, हजारो कन्यारी उचलून दूर कुस्कोकडे वसवले. आणखी उत्तरेला कारांकी लोकांनी वर्षानुवर्षं दाद दिली नाही, तर शेवटी वायना कापाकने इतकी माणसं मारून तळ्यात टाकली की त्या तळ्याचं नाव आजही रक्ताचं तळं आहे, यावारकोचा. यादवीत कन्यारींनी वास्करची बाजू घेतली म्हणून आताहुआल्पाने त्यांचं तुमिपांपा शहर उद्ध्वस्त केलं. त्यानंतर थोड्याच काळात पिझारो आला. त्यांनी कोणाशी निष्ठा राखायची होती?

रोखठोक_नाना

ताई, हे माहीत नव्हतं. तरी परका तो परकाच, माझं मत कायम.

रानजाई

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही काळ पेरूत होते, कुस्कोला जाणं झालं. कोरिकांचावर सान्तो दोमिंगोचं चर्च आहे. आत गेलं की इंकांच्या खोल्यांच्या भिंती दिसतात, किंचित आत कललेल्या, दगड इतके घट्ट बसवलेले की सांधा नखाने शोधावा लागतो. १९५० च्या भूकंपात वरचं स्पॅनिश बांधकाम ढासळलं आणि खालच्या भिंती उघड्या पडल्या. आमचा गाइड हे सांगताना खुशीत होता, बहुतेक प्रत्येक गटाला त्याच खुशीत सांगत असावा. पर्यटकांसाठीचा इंती रायमी म्हणजे सूर्याचा उत्सव मला फार भावला नाही. १९४४ पासून नव्याने सुरू झालेलं ते नाटक आहे, वेशभूषा झकास, बस.

खरं बघावं ते कॉर्पस क्रिस्ती, हा ख्रिस्ती सण. आसपासच्या चर्चांतून १५ संत आणि मेरीच्या मूर्ती खांद्यावरून कॅथेड्रलला आणतात, काही दिवस तिथे एकत्र ठेवतात आणि मग परत ज्याच्या त्याच्या घरी. प्रत्येक मूर्तीला कपडे वेगळे, वाजंत्री वेगळी, मानकरी वेगळे. धागा वाचताना तेच डोळ्यापुढे आलं: त्याच शहरात, मिरवणुकीने आणून बसवलेले राजे. चिरिउचू नावाचं थंड ताट त्या दिवशी खातात. मका, चीज, समुद्रातलं शेवाळ, आणि वर गिनीपिग. मी शेवाळापर्यंत मजल मारली.

खारीक

लहान मुलांना बळी द्यायचे ते पण याच धर्मात ना? त्यावर कोणी बोललं नाही अजून.

रानजाई

हो, कापाकोचा. टाळायचं कारण नाही. १९९९ मध्ये अर्जेंटिना-चिलीच्या सीमेवर युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटरवर, तीन मुलं सापडली. साधारण १३ वर्षांची मुलगी, आणि तिच्याहून खूप लहान एक मुलगा, एक मुलगी. गोठून इतकी शाबूत की झोपल्यासारखी वाटतात. मोठ्या मुलीच्या केसांची तपासणी झाली. केस महिन्याला ठरावीक वाढतो, त्यामुळे शेवटची दोनेक वर्षं त्यात वाचता येतात. मरण्याआधी सुमारे वर्षभर तिचा आहार एकदम सुधारला होता, म्हणजे निवड झाली होती. कोका आणि मद्याचं प्रमाण वाढत गेलं, शेवटच्या आठवड्यांत तर फारच. तोंडात कोकाचा विडा तसाच होता. साल्ताच्या संग्रहालयात त्यांना आळीपाळीने मांडतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या काही संघटनांचा त्याला विरोध आहे, आणि मला तो पटतो.

तिरकमठा

कापाकोचाकडे राज्यकारभार म्हणूनही बघा. प्रांतातून मूल कुस्कोला न्यायचं, तिथे त्याचा मान करायचा, आणि पुन्हा सीमेवरच्या शिखरावर आणून ठेवायचं. बाप गावचा सरदार असेल तर त्याची बढती. डोंगर स्थानिकांचा देव, त्यावर आता इंकांची मोहर.

आणि डोंगरवाट, तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो, नाहीतर म्हणाल हा नुसता खोड्या काढतो. यादवीच्या काळात आताहुआल्पा वामाचुकोला कातेकिल नावाच्या देवाचा कौल घ्यायला गेला. कौल विरुद्ध पडला. त्याने मूर्ती फोडली, म्हाताऱ्या पुजाऱ्याला मारलं आणि अख्ख्या डोंगराला आग लावली. पुढे कैदेत असताना किनाऱ्यावरच्या पाचाकामाक या देवस्थानाचा पुजारी समोर आला तर त्याला बेड्या घालायला लावल्या. का? तर तुझा देव तीनदा खोटं बोलला. बापाला उन्हात ठेवा बरा होईल म्हणाला, बाप मेला. वास्कर जिंकेल म्हणाला, तो हरला. मी या परक्यांना मारीन म्हणाला, आणि मी इथे बांधलेला. १५३३ च्या सुरुवातीला पिझारोचा भाऊ एर्नान्दो पाचाकामाकला गेला आणि गाभाऱ्यातली मूर्ती फोडली, तेव्हा त्या देवळाचं सोनं लुटायची वाट खुद्द इंकानेच दाखवली होती. देवसुद्धा पक्षातले होते, एवढं मान्य.

पण घोडे राहिलेच.

खडीसाखर

अवांतर: आषाढीच्या साबुदाणा खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तर खास अँडीजचा. मिरची थोडी वर मेक्सिकोतून आली. आपलं म्हणायला तूप आणि जिरं. पेरूच्या किनाऱ्यावर सिपान इथे इंकांच्या कितीतरी आधीच्या मोचे सरदाराची कबर १९८७ मध्ये सापडली, त्याच्या गळ्यातल्या माळेत सोन्याचे आणि चांदीचे मोठाले शेंगदाणे. उपासाच्या दिवशी हा फोटो बघावा.

डोंगरवाट

@खडीसाखर, अवांतर मुळीच नाही. बटाट्यावरच तर फौजा चालत. चुन्यो करतात तिकडे: जून-जुलैच्या कडाक्यात बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, गोठले की दिवसा उन्हात सैल पडतात, मग अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस चाललं की कागदासारखे हलके, दगडासारखे कडक गोळे उरतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. असल्या मालाने भरलेली कोठारं रस्त्याकडेला होती. एकट्या हाउहाजवळ शेकडो. पिझारोच्या लोकांनी आणि त्यांच्या मदतनीसांनी पुढची कित्येक वर्षं तीच उपसली.

@तिरकमठा, घोडे मान्य. काहामार्काचा चौक घोड्यांनी आणि दग्याने जिंकला. पण चौक जिंकला म्हणजे राज्य जिंकलं असं झालं नाही. विल्काबाम्बाच्या जंगलात इंका दरबार १५७२ पर्यंत टिकला, म्हणजे त्या संध्याकाळनंतर चाळीस वर्षं. तिथला शेवटचा इंका तुपाक आमारू याला तोलेदोने कुस्कोच्या चौकात आणून मारलं. भोवती पहारा कन्यारींचा, आणि मान उडवणाराही कन्यारीच.

@नाना, फितुरीचा विषय काढलात म्हणून एक प्रसंग. १५३६ च्या वेढ्यात फ्रान्सिस्को चिल्चे नावाच्या कन्यारी सरदाराने एका इंका वीराशी एकट्याने लढून त्याचं डोकं कापलं. १५५५ च्या कॉर्पस क्रिस्तीला, रानजाईंनी सांगितलेल्याच मिरवणुकीत, हा चिल्चे अंगावर पांघरूण घेऊन आला. कॅथेड्रलपुढे पोचल्यावर त्याने पांघरूण सारलं आणि आतून त्या डोक्याची प्रतिकृती केसांनी धरून उंच केली. चार इंका त्याच्यावर तुटून पडले, मिरवणूक राहिली बाजूला. गार्सिलासो तेव्हा सोळा वर्षांचा आणि त्याचा बाप कुस्कोचा कोरेहिदोर (स्पॅनिश मुख्य अधिकारी), म्हणजे तक्रार त्याच्याच घरी आली. निकाल इंकांच्या बाजूने लागला, डोकं काढून घेतलं आणि चिल्चेला तंबी मिळाली.

रोखठोक_नाना

म्हणजे शेवटी कन्यारींच्या पदरात काय पडलं?

सांजवात

कुस्कोतल्या कन्यारींना करमाफी आणि शहराच्या पहाऱ्याचं काम. इतरांना १५७० च्या दशकापासून पोतोसीच्या चांदीच्या खाणीत पाळीने जावं लागत होतं. इंकांची मिता नावाची वेठ होती, तोलेदोने तीच उचलून खाणीला जुंपली. कन्यारींची त्यातून सुटका झाली, आणि पुढच्या पिढ्या ती सवलत टिकवायला कचेऱ्यांत अर्ज करत राहिल्या. त्या अर्जांवर वेगळा धागा काढता येईल, वेळ मिळाला की काढते.